सहा ओळी फवारल्या नाहीत

पिंपळनेरच्या पुढे, पांझरेच्या काठाला
प्रफुल्ल अहिररावची द्राक्षबाग.
वर्गात मागच्या बाकावर बसायचा,
बुरशीच्या आकृत्या सुबक काढायचा,
उत्तरं मात्र चुकायची.
फोनवर म्हणाला,
मॅडम, एक चूक केलीय, बघायला या.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात तेहतीस वर्षं
मी झाडांचे रोग शिकवले.
राखाडी बुरशीवरचं घडीपत्रक माझंच:
दाट घड विरळ करा, पानं काढा, वारा खेळू द्या.
आणि खाली, ठळक अक्षरात,
रोगट घड जाळून टाका.
औषधांच्या दुकानात, काउंटरच्या काचेखाली
ते अजून सापडतं,
माझ्या सहीसकट.

त्याने सहा ओळी फवारल्या नाहीत.
नदीच्या अंगाच्या,
जिथे पहाटेचं धुकं दहा वाजेपर्यंत उठत नाही
आणि दुपारी ऊन असं
की वाळत घातलेले पापड तडकावेत.
पहिल्या वर्षी सगळं आंबलं.
चिलटं, शिरक्याचा वास,
भाऊ बोलेनासा झाला.
दुसऱ्या वर्षी काशी चौरे आणि तिची सून
अठरा वेळा फिरल्या त्याच सहा ओळींतून,
कात्रीने एकेक मणी वेचत,
सुरकुतलेला, तपकिरी,
अंगावर उंदराच्या पिल्लासारखी लव.
निघाल्या अकरा बाटल्या. त्याही अर्ध्या मापाच्या.

तिकडे याला उमदी कुज म्हणतात, मॅडम.
उमदी!
हा शब्द मी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ऐकलाय,
दात बघून, पाठ थोपटून म्हणतात तो.
बुरशीचे दात कोणी पाहिले?

पत्र्याच्या शेडमध्ये काचेचे तीन पेले,
तिन्ही वेगळे.
रंग कढवताना जरा पुढे गेलेल्या तुपाचा.
पेला कलवला की काचेवरून ती सावकाश उतरते,
काकवीची धाकटी बहीण.

मी वास घेतला तो प्रयोगशाळेतल्या सवयीने,
पेला लांब धरून, हाताने वारा ओढत.
शोधत होते कुजकटपणा.
आला मध.
मग भिजवलेला जर्दाळू, संत्र्याची साल, थोडं केशर,
आणि अगदी तळाशी, खरंच, ती.
सकाळी उबवणपेटी उघडली की
पहिली भेटायची ती.
तिला मी कुठेही ओळखेन.

पहिला घोट जड. वाटलं, बासुंदीच की.
मग जिभेच्या कडेने आंबट सरकलं,
विळीच्या पात्यावरून उजेड सरकावा तसं,
आणि गोडव्याला कणा आला.
गिळल्यावरही ती गेली नाही.
मी घड्याळ बघितलं. बेचाळीस सेकंद.
वहीत लिहिलं: जर्दाळू.

काशीने एक घोट घेतला, पदराने ओठ पुसले.
"हाई ते मोहनं फूल शे, बाई. सुकेल."

जर्दाळू मी झाडावर कधी पाहिलेला नाही.
मोह पाहिलाय.
खोडलं.

मग कुणीतरी तिखट शेवेची पुडी सोडली
आणि कळलं, ही वाईन बासुंदीसोबत नाही,
हिला समोर भांडण हवं.
मिरचीने पेटलेल्या जिभेवर दुसरा घोट,
प्रफुल्ल हसला, मी हसले,
काशीने पेला पुढे केला.

निघताना मी त्याला बजावलं,
पलीकडे खायच्या द्राक्षांची बाग आहे,
तिथे माझं पत्रकच बरोबर. तिथे ती नुसतीच कुज.
हो मॅडम, म्हणाला, पूर्वी म्हणायचा तसाच.
सूक्ष्मदर्शकासाठी म्हणून
मी या वर्षीचा एक मणी खुडून घेतला,
लव असलेला, रुमालात गुंडाळून.
नमुना. तारीख टाकली. ओळ क्रमांक चार.

साक्री यायच्या आत
खाऊन टाकला.