पहिल्या गेटाजवळचं हवाई गाणं

लोक विचारतात, गोदाक्का त्या गाण्यात
तिसऱ्या कडव्याआधी का थांबल्या.
जाणकार लिहितात, विरहाची जागा आहे ती.
विरह कसला. पहिलं गेट पडलं होतं,
मिरजेची गाडी शिट्टी घालत आली
आणि आग्नेलनं लोखंडी कांडी तारेवरून उचलली.
तबकडी फिरतच राहिली, दुसरीला पैसे नव्हते.
मी तिथंच होतो. वय तेरा.
पंखा बंद ठेवायचं काम माझं.

टिळकवाडीत कापडदुकानाची माडी,
आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर शहापुरी लुगडी.
पैसे घालणारे कलघटगी शेठ जिन्यातून ओरडले,
"हवाई म्हणजे सांबऱ्याच्या विमानाचं काय रे?"
"न्हवं शेठ. बेट हाय. लांब."
आग्नेल कुलासो, कॅम्पातला, रेल्वेत फिटर.
गाणं मुरगावच्या धक्क्यावर एका खलाशाकडून उचललेलं.
मांडीवर आडवी गिटार,
सूर असा सरकायचा
की कुठं सुटला, कुठं लागला, कळू नये.

शब्द त्यानं निपाणीच्या तंबाखूच्या पावतीमागं
बाळबोधीत लिहून आणलेले.
गोदाक्कांनी अर्थ विचारला.
"समुद्राचं हाय कायतरी. कोण जातंय, कोण थांबतंय."
त्यांनी पावती वाचली. परत वाचली.
यजमान शेजारी बसून पान जुळवत होते.

गाडी गेली. फाटकाशी सायकली सुटल्या.
मग त्या जे गायल्या
ते अजून लग्नाच्या मांडवातही वाजतं.
यजमान म्हणाले, "वा."

परवा धारवाडचे एक प्राध्यापक आले.
म्हणाले, तपासून घेतलं, पहिली दोन कडवी ठीक,
तिसरं त्या बेटावर कुणालाच कळत नाही.
रात्री मी तबकडी लावली, कान अगदी जवळ नेला.
रूळ वाजतात. मग त्या येतात, सावकाश:
हांव रावतां. यो गे.
मी थांबलोय. ये गं.

खलाशाचं कडवं विसरला असेल आग्नेल.
किंवा नसेलही विसरला.
खरं गोदाक्कांचं माहेर कणकुंबी,
तिथं पाणी भरता भरता कोकणी कळते.
पावती परत वाचली होती त्यांनी,
आणि 'यो' वर इतक्या राहिल्या
की माझा हात बटणावर घामेजला.

सकाळी प्राध्यापकांना मी म्हटलं,
असेल हवाईच. लांब हाय ते बेट.
आणि पंखा लावला.