फुंकायचं नाही, ओढायचं

हिंदुरावची जीप माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
चढ लागला की तिसऱ्यातून दुसऱ्यात,
दुसऱ्यातून पहिल्यात,
आणि मागं एसट्यांची रांग, हॉर्नसकट.
"इंजिनच बदलूया," पोरगा म्हणाला.
"उद्या बा बदलशील," हिंदुराव म्हणाला,
आणि गाडी उद्यमनगरात आली,
बाबालाल मणेरच्या शेडमध्ये, माझ्या लेथसमोर.

टर्बो भंगारातला, कुठल्यातरी उलटलेल्या पिकअपचा.
मामानं बोटानं चाक फिरवलं, दांडी हलवून बघितली.
"आडवी केसभर हलतीया. पुढंमागं काय न्हाई.
जित्तं हाय."

मग मला समजावायला लागला,
"ह्या अंगानं धूर जातोय, टाकून दिलेला.
जाता जाता चाक फिरवतोय.
त्याच दांडीवर पल्याडचं चाक,
ते हवा ओढतंय, दाबून आत घालतंय.
इंजिनला वाटतंय, आपण कुठं
राधानगरीच्या रानात आलो."

बोलता बोलता थांबला.
दोन वाक्यांच्या मधे त्याला हल्ली जागा लागते.
कपाटावर, व्हर्नियरशेजारी, दवाखान्यातली डबी,
तीन निळ्या गोळ्या, एक नळी.
नर्सनं बजावलंय, फुंकायचं नाही, ओढायचं.
पहिली गोळी उठते. दुसरी थरथरते.
तिसरी तळाला बसून आहे,
दुकानातनं आणली तशी.

बारा एमएमच्या पट्टीतनं मी फ्लँज काढली.
मॅनिफोल्ड बिडाचा, बीड रागीट,
गरम वेल्डिंगवर गार वारा लागला की तडकतं.
म्हणून मामानं कागलकडनं पोतंभर राख आणली,
गुऱ्हाळाच्या चुलवाणातली, ऊनऊन,
आणि लाल झालेला मॅनिफोल्ड त्यात पुरला
तान्ह्या पोराला दुपट्यात ठेवावं तसा.
सकाळी उकरला. चीर नव्हती.
शेडभर काकवीचा वास.

चालू केली तर निळा धूर.
गल्ली बुडाली. समोरचा पॅटर्नवाला शिव्या देत बाहेर आला.
आम्ही सील बघितलं, पुन्हा बघितलं,
रात्री अकराला मामा गाडीखालनं बोलला,
"तेलाची परतीची नळी वर चढवलीस की रं.
जाताना तेलाला पंप हाय. येताना कुणी न्हाई.
परतीला ते उताराचंच ऐकतं."
मी नळी सरळ केली. चूक माझी होती.
त्यानं ती कुणाला सांगितली नाही.

ट्रायलला करूळ घाट.
वजन म्हणून मागं आठ पोती, फाउंड्रीची काळी वाळू.
त्या वाळूत मामाची एकतीस वर्षं,
पोतं उचलताना त्यानं तोंडाला रुमाल बांधला,
आत्ता.

खालनं वर येताना दुसरं वळण, तिसरं,
काटा हलला.
शिट्टी आली, बारीक,
लांब कुणीतरी चुलीवर कुकर ठेवल्यासारखी.
हिंदुराव तिसऱ्या गिअरवर हात ठेवून बसला होता,
सवयीनं, खाली ओढायला.
गाडीनं मागितलंच नाही.
"आयला," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला.
एवढ्यात फटाक,
रबरी पाइप निसटला, शिट्टी गेली,
काळा धूर आणि जुनी जीप, जशीच्या तशी.
मामा हसला. हसता हसता खोकला,
खोकता खोकता खाली उतरून
क्लॅम्पला दोन आटे जादा दिले.

डबी त्यानं डॅशबोर्डवर ठेवलेली, सुनेनं बळंच दिलेली.
रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला
तिन्ही गोळ्या एकदम उडायच्या.
"बघ," तो म्हणाला, "ही गाडी पास."

गगनबावड्याला टपरीसमोर थांबलो.
हिंदुरावचा हात किल्लीकडं गेला.
"लगीच बंद करू नगंस," मामानं हात धरला.
"आतलं चाक फिरतंय अजून.
तेल मिळू दे त्याला. दोन मिनटं."

दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू होतं.
चहा आला, गार झाला.
मामानं डबी उचलली, नळी तोंडाला लावली,
आणि दरीकडं बघत
ओढायला लागला.
आम्ही दोघं बॉनेटकडं बघत राहिलो.