एकोणीस मंगळवार

डुलूथचं सरोवर अजून गोठलेलंच.
तळघरात हीटर लावून मी
सतरा वर्षांपूर्वीचा माझाच कोड उसवत बसलोय.

एका ओळीशेजारी माझीच टीप:
‘तात्पुरतं आहे. उद्या नीट करतो.’
तो उद्या काही उजाडला नाही,
तरी या ठिगळावर चारशे चित्रकथा
मध्यरात्रीच्या ठोक्याला पडद्यावर येत राहिल्या.
आता अकरा उरल्यात.

सिग्ने म्हणते, बंद कर, झोप तरी लागेल.
मुलगा म्हणतो, पायापासून नवं बांधू,
दोन महिन्यांचं काम.
दोन महिने!
त्याच्या वयात मीही असंच मोजायचो.

निरोपाचं पत्र लिहून झालं.
पाठवण्याआधी सहज रांग तपासली:
दहा जणांची रिकामी.
अकरावी ओडेल तुओमेला,
मालवाहू बोटीवरच्या खडूस मांजरीची गोष्ट.
ओडेल नोव्हेंबरात गेली.
जाताना वर्षभराची पानं
तारखा घालून भरून ठेवलेली;
त्यातले एकोणीस मंगळवार बाकी.

एकही उघडून पाहिलं नाही.
पत्रातली तारीख खोडली,
सर्व्हरचं भाडं भरलं,
जुन्या ठिगळावर आणखी एक ठिगळ मारलं.
टीप लिहिली नाही.

मांजर किनाऱ्याला लागते का,
ते मीही बाकीच्यांसारखंच
मंगळवारी वाचीन.