ओडोचा तास

मेडिकल चौकाच्या अलीकडे आमचं सायंकालीन कॉलेज.
साडेसहाला माझा तास. मध्ययुगीन इंग्लंड.
बाहेर अजून त्रेचाळीस.
कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं
यावर दोन शिपायांचं गेल्या एप्रिलपासून जमत नाही,
म्हणून मी खडू आडवा धरून
फळ्यावर थोडं धुकं काढतो.

आज ओडो. ब्रॅकन्हिलचा बॅरन.
पुस्तकात त्याला दीड ओळ:
राजाविरुद्ध उठला, माफी मिळाली, पुन्हा
उठला.
बाकीचा ओडो माझा. अकरा वर्षांत जमेल तसा वाढवलेला.
लंगडी घोडी मी दिली त्याला,
डाव्या कानाचा बहिरेपणा दिला,
म्हणजे दरबारात कुणाचं ऐकायचं
हे तो बसतानाच ठरवी.

राजाचा निरोप आला: लढायला येऊ नको, त्याऐवजी पैसे धाड.
लढायची हौस ओडोला कधीच नव्हती.
पण ते ‘येऊ नको’ लागलं.
त्याने रिकामी थैली पाठवली,
तोंड शिवून, वर मेणाची मोहोर नीट उमटवून.

मागच्या बाकावर हशा. तिथे तो केव्हाच ओडोजीराव झालाय.
गजभिये उठतो: “सर, रिकामी थैली कायले?
सरळ नाही म्हनाचं न.”
मी म्हणतो, नाही म्हणायलाही
काही लोकांना कागदपत्र लागतं.

मग वेढा.
“किल्ला सीताबर्डीएवढा?” छे, त्याहून ठेंगणा.
एक बुरूज, एक विहीर, बावीस माणसं.
चौतिसाव्या दिवशी घोडी खाल्ली.
इथे दरवर्षी वर्ग गप्प होतो.
मी धुकं पुसतो, उगाच.

माफीच्या अटी दोन:
बुरूज आपल्याच माणसांकडून पाडून घ्यायचा,
आणि सात वर्षांचा मुलगा राजाकडे ठेवायचा, ओलीस.
ओडोने मेण तापवलं. मोहोर दाबली.

कुंदा निनावे कधी बोलत नाही. गोळीबार चौकातून येते,
पूर्वी ओढणीला सुताचे तुकडे चिकटलेले असत.
आज म्हणाली, बसूनच,
“आमचा माग किलोनं गेला, सर.
बाबानं सही केली अन् मंग दोन दिवस जेवलाच नाही.”
पंखा तेवढा बोलत राहिला.

आणि सहा वर्षांनी ओडो पुन्हा उठला.
का, ते पुस्तकात नाही.
एखाद्या वर्षी मी कर वाढवतो,
एखाद्या वर्षी मुलगा परत येतो
आणि बापाशी दरबारी भाषेत बोलतो, अहो-जाहो करून.
यंदा काहीच सुचेना.
दुपारी ऑफिसात माझीही मोहोर उमटली होती:
एक रुपयाचं तिकीट, जिभेने ओलं केलेलं,
त्यावर तिरकी सही, पूर्ण पगाराची.
पाकिटात तिसरा हिस्सा.
मोजून घ्या सर, बाबू म्हणाले,
आणि मी मोजूनही घेतला.

“मंग काऊन उठला थो दुसऱ्यांदा?” गजभियेच.
मी वर्गाकडे पाहिलं. वर्गाने कुंदाकडे.
ती वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी खोडत होती.
“हात दुखत असन,” म्हणाली. “मोहोर दाबल्याचा.”
“सहा वर्षं?”
“मंग.”

तास संपला. ओडो मेला कसा, ते राहूनच गेलं.
मस्टरवर सही करायचीही राहिली,
हे रहाटे कॉलनीच्या सिग्नलला आठवलं.
उजव्या हाताची बोटं ॲक्सिलरेटरवर, घामेजलेली.
गाडी वळवली नाही.
बंड वगैरे काही नव्हे.
मागे ट्रक होता.