आढळले नाही

सात नंबरच्या नळीची किल्ली
लोटन तात्याच्या करदोट्याला असते.
कुलूप गंजलंय. तो खिशातून रॉकेलची शिशी काढतो
आणि मी ओरडते, तात्या, नको, इथं रॉकेल नको,
थेंबभरसुद्धा खाली जाऊन माझ्या आकड्यांत बसतं.
तो हसतो.
"इतलं आम्ही सोडं, तवय कोनी नही रोकं."

बावीस वर्षं तो रंगखात्यात होता.
मग कारखाना बंद पडला, शेड पाडली,
सव्वा मीटर माती ताडपत्रीखाली झाकून
ट्रकांनी कुठेशी नेली.
खड्ड्यात मुरूम भरला, मुरमावर गवत आलं,
गवतावर आता मेंढ्या येतात.
गेटवर फलक आहे, शुद्धीकरण पूर्ण.
त्यावर कुणीतरी कानबाईच्या वर्गणीचा कागद चिकटवलाय.

माझं काम त्यानंतरचं.
वर्षातून चार वेळा. नऊ नळ्या, दोन नाले, पांझरा.
फीत सोडत जायची, पाण्याला टेकली की ती चिवचिवते.
चौदा मीटर वीस.
मग नळीतलं साचलेलं उपसून टाकायचं, नळीभर, तीनदा,
कारण पहिलं पाणी खरं बोलत नाही,
नळीत राहून राहून ते नळीचंच झालेलं असतं.
चौथ्या वेळेचं बाटलीत.

माझा बाप फडाचा पाटकरी.
त्याला पाणी चालताना दिसायचं,
बंधाऱ्यातून पाटात, पाटातून चारीत,
कुणाच्या तुकड्याला किती वेळ ते तो सावलीवर सांगे.
मी मोजते ते पाणी दिसत नाही.
काळ्या दगडाच्या भेगांतून ते चाचपडत जातं,
मधेच दगडाचीच उभी भिंत आडवी आली
की थांबतं, बाजूची वाट शोधतं,
आणि कुठल्या हापशाला कुठल्या साली पोचेल
याला सावली पुरत नाही.

पेटीत बर्फ, बर्फात बाटल्या.
त्यात एक निरंक.
प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी धुळ्याहून आणायचं,
इथल्या हवेत उघडायचं, पुन्हा बंद करून परत न्यायचं.
तात्याला हे कधीच पटलेलं नाही.
"चांगलं पानी फिरावाले आनस का?"
ते माझ्यासाठी आहे, मी सांगते,
घाण माझ्याच हाताची निघाली तर कळावं म्हणून.
तो आपली नखं बघतो.
कडा अजून पिवळट.
रंगखात्यातल्या पोराला हळद कशाला लावता,
अशी थट्टा होती तेव्हा गावात.

उन्हाळ्यात सातमध्ये आढळले नाही.
अहवालात असंच लिहितात.
नुसतं "नाही" असं कुणी लिहीत नाही.
आमच्या यंत्राची नजर जिथवर, तिथवर नाही,
त्याच्या अलीकडे काय, ते यंत्राला माहीत नसतं.
तात्यानं त्या कागदाची झेरॉक्स काढून
देवळीत ठेवली, दिव्याच्या मागे.

पोळ्यानंतर पातळी चढली.
वरपर्यंत भिजलं सगळं, दगडाला चिकटून
जे काही बसलं होतं ते सुटलं असावं,
आणि सातमध्ये आकडा आला.
मर्यादेच्या आत. पण आकडा.

म्हणून आज पुन्हा.
नाल्यापलीकडच्या हापशावर निंबाबाई हंडा विसळते.
दांड्याचा लाल रंग उडालाय,
तरी ती भांड्यांपुरतंच भरते, सवयीनं.
"आते पेवाले चालई का?" ती तिकडूनच विचारते.
माझ्याकडे मर्यादेच्या आतला एक आकडा आहे
आणि वाढला की नुसता हलला ते सांगणारा दुसरा
अजून बर्फात आहे.
थांबा जरा, मी म्हणते.
"थांबनूतच नं," ती म्हणते, आणि हंडा पालथा घालते.

तात्या कुलूप लावतो, कोरडंच, दोनदा ओढून बघतो.
"मंग ती झेरॉक्स फाडी टाकू का?"
नको. तिच्यामागे हीही ठेवा, तारखेनं.
तो मान हलवतो, पटलं की नाही कळत नाही.
किल्ली आत खोचतो.
"डिसेंबरमा येशी ना?"