बाणाच्या अलीकडे

फोगो बेटावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी,
टाकीवर चढलं तरच रेंज मिळते.
आई तिथं बसून
लिस्बनचं संग्रहालय बघते.

म्हणजे, संग्रहालय नाहीच बघत.
संत, सरदार, निळ्या फरशांवरची गलबतं
अंगठ्यानं बाजूला सारत
थेट अकराव्या दालनात शिरते.
तिथं कोपऱ्यात, पिवळ्या बादलीपाशी,
कॅमेरा फिरला त्या सकाळी
चुकून राहून गेलेली इवांद्रा,
माझी बहीण.

चेहरा पुसलाय यंत्रानं.
भिंतीवरच्या एका राणीचाही पुसलाय,
माणूस समजून.
आई त्याला दर वेळी हसते.
पण फडकं पिळताना
उजवं कोपर असं बाहेर काढणारी
आमच्या घरात एकच.

"फरशी अजून ओलीच आहे," आई म्हणते.
चार वर्षं झाली.
इवांद्रा आता रॉटरडॅमला असते,
फोन नाताळला करते.

दालनात जमिनीवर एक पांढरा बाण आहे.
दाबला की आपण दोन पावलं पुढं जातो,
आणि तिथून वळून पाहिलं तर
कोपऱ्यात बादलीसुद्धा नाही.

मी एकदा दाबला होता.
आईनं काही न बोलता
फोन काढून घेतला माझ्या हातातून.