आळ

खडू घासलेली टेप विहिरीत सोडायची,
वर ओढायची,
जिथं खडू ओला, तिथं पाणी.
एवढंच माझं काम.
उचगाव, बेळगुंदी, किणये, नंदगड,
कंत्राटी, पगार तीन महिन्यांनी.

फॉर्मवर इंग्रजीत डेप्थ,
त्याखाली कन्नडमध्ये आळ.
मराठीला रकाना नाही,
मराठी माझ्या तोंडात असते: खोली.
शहापुरात भाड्याची जागा बघताना
मालकाला विचारलं, "खोली किती?"
"दहा बाय बारा," म्हणाला,
आणि मी ती मनातल्या मनात
काठोकाठ भरून बघितली.

डेप्थ मात्र कुठंही चालते.
हुक्केरीमठ साहेब म्हणतात, रिपोर्टला डेप्थ नाही,
म्हणजे पानं वाढवा.
भाऊ टीव्हीसमोर हळहळतो,
सहाव्या विकेटनंतर डेप्थच नाही बॅटिंगला.
मुतगेकर स्टुडिओवाला पडदा मागं सरकवतो,
"आता बघा, डेप्थ येईल."
आली नाही. मी आणि पडदा
एकाच कागदाला चिकटलेले.
चुलतबहिणीनं बघायला आलेला मुलगा नाकारला,
"चांगला आहे गं, पण डेप्थ नाही."
आईनं विचारलं, "म्हणजे बुटका?"

पहिल्या महिन्यात फॉर्म घरी आणला
आणि मोठ्यानं वाचला. आळ.
आई रताळी धूत होती.
"हिरीवर कसला आळ घालूलेत आता?"
म्हणाली, हसली,
आणि ते हसू मध्येच खाली ठेवलं,
हातातलं भांडं ठेवावं तसं.

आमच्या घरात आळ एकच होता.
नीलव्वावर.
माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी
भांडी घासताना गेली म्हणून.
तिनं ओच्या झटकून दाखवला,
लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला,
कन्नडमध्ये बरंच काही बोलली.
आमच्यात कन्नड सगळ्यांना येत होतं.
त्या दिवशी कुणालाच येईना.

गेल्या वैशाखात विहीर आटली, गाळ काढला.
तीन कळश्या, रहाटाचा दात,
एका चपलेचा अंगठा,
आणि वाटी.
काळी पडलेली, तळाशी माझं नाव.
ते अंगठ्यानं घासत बाबा नुसते उभे राहिले.
आई म्हणाली, "आता खोलात जाऊ नको."

मी टेप सोडली. सवय.
खडू कोरडाच वर आला.

पाच वर्षांची होते मी.
काठाचा गार दगड पोटाला लागलेला आठवतो,
आणि एक आवाज. बुडुक.
आठवतो, की त्या दुपारनंतर रचला,
ठाव लागत नाही.
इथं किती हात टेप लागेल,
आणि कुठवर खडू घासायचा?

नेसरगीची बस धरली.
नीलव्वा लेकीकडं असते,
डोळ्यांत फूल पडलंय, एक डोळा अजून चालतो.
वाटी तिच्यापुढं ठेवली.
काय म्हणायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं,
दोन्ही भाषांत.
तोंडातून निघालं एवढंच,
विहिरीत होती.

तिनं हात लावला नाही.
मला वाटलं, आता शिव्या देईल, किंवा रडेल.
पदरानं चालता डोळा पुसला,
आणि गावाकडची पेरणी विचारावी तसं विचारलं,
"आळ एष्टित्तु?"

किती खोल होतं, विचारत होती ती.
साधा प्रश्न, माझ्या रोजच्या कामाचा.
फॉर्मवर मी लिहिलंही होतं, आठ पूर्णांक दोन.

"सत्तावीस फूट," मी म्हणाले.
"हौदा?" म्हणाली,
आणि बाहेर ओरडून लेकीला सांगितलं,
चहात साखर घाल, पाव्हणी आलीय,
बेळगावची.